योन्सानगुन बायकांपायी बिघडला म्हणे!

कोरियन ऐतिहासिक मालिका बघणाऱ्यांमध्ये एक गोष्ट सतत फिरत असते. सांगणारा बदलतो, सांगाडा तोच. पाचशे वर्षांपूर्वी कोरियात एक गुणी राजा होता. त्याच्या मत्सरी आईने नवऱ्याचं तोंड ओरबाडलं म्हणून तिला विष द्यावं लागलं. खाष्ट आजीने ते लपवून ठेवलं. मग एके दिवशी आईचा रक्ताने माखलेला रुमाल पोराच्या हाती लागला आणि एका रात्रीत त्याचा राक्षस झाला. उरलीसुरली कसर एका नर्तकीने भरून काढली. तिच्या नादाने तिजोरी रिकामी झाली, राजवाड्यात हजारो बायका ऐश करू लागल्या. शेवटी त्याने सख्ख्या काकूची अब्रू घेतली, तिच्या भावाने उठाव केला आणि सगळं सुरळीत झालं. तात्पर्य, बहुधा एका हसऱ्या इमोजीसह: राजा वाईट नव्हता हो, बायकांनी बिघडवला.

राजा खरा आहे. जोसॉन घराण्याचा दहावा राजा योन्सानगुन, जन्म 1476, राज्य 1494 ते 1506. तो क्रूर होता यात शंका नाही आणि त्याची वकिली करायची मला हौस नाही. प्रश्न आहे तो पाप कुणाच्या पदरात टाकायचं याचा. वरच्या गोष्टीत जितक्या बायका येतात तितक्या सगळ्या 'कारण' म्हणून येतात. त्यांचं पुढे काय झालं, हे सांगायला कुणाला सवड नसते.

आधी साधनांबद्दल दोन शब्द, कारण सगळा घोळ तिथेच आहे. जोसॉन दरबारात नोंदकार बसायचे आणि घडेल ते टिपून ठेवायचे. राजा गेल्यावर त्या टिपणांतून 'सिल्लोक' नावाचा अधिकृत इतिहास तयार व्हायचा. योन्सानगुन पदच्युत झाला, म्हणून त्याच्या कारकिर्दीच्या ग्रंथाला तेवढाही मान नाही. त्याला नुसती 'रोजनिशी' म्हणतात. ती 1507 ते 1509 या काळात सिद्ध झाली आणि त्या कामावर देखरेख करणाऱ्यांत सोंग ही-आन होता, म्हणजे राजाला गादीवरून खेचणाऱ्या तिघा म्होरक्यांपैकी एक. तेव्हा ती डोळे झाकून मानायची नाही. पण याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. राजाच्या वैऱ्यांनी लिहिलेल्या ग्रंथातसुद्धा जी चमचमीत गोष्ट सापडत नाही, ती बहुतेक मागाहून चिकटवलेली असते. अशा गोष्टी खासगी टिपणांत आणि आख्यायिकांत वाढत गेल्या आणि आपल्यापर्यंत पोचल्या त्या मालिकांतून. पुढच्या तारखा तिथल्या चांद्र पंचांगाप्रमाणे आहेत.

"आईने राजाचं तोंड ओरबाडलं, म्हणून तिला मारलं"

ओरबाडण्याची गोष्ट 'सिल्लोक'मध्ये नाही. ती नंतरच्या खासगी लिखाणातली आहे.

नोंदींत जे आहे ते असं. योन्सानगुनची आई यून 1473 मध्ये उपपत्नी म्हणून राजवाड्यात आली. पुढच्या वर्षी राजा सोंगजोंगची पट्टराणी वारली. 1476 च्या आठव्या महिन्यात यून राणी झाली आणि अकराव्या महिन्यात तिला मुलगा झाला. इथवर सगळं दृष्ट लागण्यासारखं. सोंगजोंगला सगळ्या मिळून तीन राण्या, अनेक उपपत्नी आणि पंचवीसहून जास्त मुलं. अशा घरात 'मत्सर' हा बायकोला टाकण्याच्या सात शास्त्रोक्त कारणांपैकी एक होता. नवऱ्याने किती बायका कराव्यात यावर मात्र शास्त्राचं काही म्हणणं नव्हतं.

1477 मध्ये तिच्याकडे सोमल आणि जादूटोण्याचं एक पुस्तक सापडलं. त्याच सुमारास जॉंग आणि ऑम या दोन उपपत्नी राणीच्या जिवावर उठल्या आहेत, असं सांगणारं निनावी पत्रही निघालं होतं. राणीवर बालंट आलं, पण वारसाची आई म्हणून मंत्र्यांनी रदबदली केली आणि ती तेव्हापुरती वाचली. तिची दासी साम्वॉल वाचली नाही. तिला फाशी झाली. सगळ्या प्रकरणातला हा पहिला बळी, आणि तिची मालिकेत भूमिका सोडा, कुठल्या फॉरवर्डमध्ये ओळसुद्धा नसते.

1479 मध्ये राणीला सामान्य स्त्री करून माहेरी धाडलं. विषाची पुडी बाळगते, उलट बोलते, मान ठेवत नाही, असे आरोप खुद्द राजाने भर दरबारात वाचून दाखवले. मंत्री तेव्हाही विरोधातच होते. पण फॉरवर्डवाले विसरतात ती गोष्ट पुढची आहे. तिला विष दिलं ते 1482 च्या आठव्या महिन्यात, घरातून काढल्यावर तीन वर्षांनी. ओरबाडल्याचा राग तीन वर्षं कुणी जपून ठेवत नाही. मधे झालं असं की काही अधिकाऱ्यांनी राजाला विनवलं: उद्याच्या राजाची आई अशी साध्या वस्तीत राहते हे बरं दिसत नाही, तिला नीट घर द्या, शिधा द्या. राजा भडकला. हे लोक माझ्या पोराची आत्तापासून खुशामत करतायत, पुढची सोय बघतायत, असं तो म्हणाला. मग थोड्याच दिवसांत विषाचा पेला घेऊन ई से-जा नावाचा दरबारी तिच्या घरी गेला.

हिशेब सरळ होता. मुलगा मोठा होणार, गादीवर बसणार, आई जिवंत असेल तर राजमाता होऊन परत येणार, आणि आज तिच्याविरुद्ध बोललेल्या सगळ्यांची धडगत नाही. तिला मारलं ते उद्याच्या भीतीने. हा हिशेब लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

"रक्ताळलेला रुमाल सापडला आणि राजा पालटला"

हे तर साफ खोटं. आईचं काय झालं ते योन्सानगुनला कळलं 1495 च्या तिसऱ्या महिन्यात, गादीवर बसून काही महिनेही झाले नसताना. वडिलांच्या समाधीसाठी लिहिलेला मजकूर तो वाचत होता. त्यात यून गी-ग्यॉन असं एक नाव आलं. त्याने विचारलं, हे यून हो असं हवं ना, चुकून पडलंय का? यून हो हे ज्या राणीला तो आई समजत होता तिच्या वडिलांचं नाव. सचिवांना सांगावं लागलं की चूक नाही, हे पदच्युत यून राणीचे वडील. नोंद सांगते की राजाला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि तो त्या दिवशी जेवला नाही.

बस्स, एवढंच. रुमाल नाही, किंकाळी नाही. पुढे त्याने आईची समाधी नीट करवली, तिच्यासाठी देवघर बांधवलं. सोलमधलं ह्वेगी-दोंग हे आजचं गजबजलेलं उपनगर त्या समाधीवरूनच ओळखलं जातं. समाधी स्वतः मात्र 1969 मध्ये तिथल्या इस्पितळाच्या बांधकामापायी शहराबाहेर हलवली गेली. रुमालाचा प्रसंग घरोघर पोचला तो 1936 च्या एका गाजलेल्या कादंबरीमुळे, आणि मग सिनेमा-मालिकांनी तो सोडलाच नाही. नाट्य म्हणून तो भारी आहे, कबूल.

मग 'एका रात्रीत' काय झालं? काही नाही. माहिती कळल्यापासून कत्तलीपर्यंत नऊ वर्षं गेली. मधल्या काळात, 1498 मध्ये, विद्वानांचा पहिला संहार झाला, आणि त्याचा आईशी काडीचा संबंध नव्हता. किम इल-सोन या नोंदकाराने इतिहासाच्या मसुद्यात राजाच्या पणजोबाने गादी कशी बळकावली यावर बोट ठेवणारा मजकूर घातला होता. तो बाहेर आला आणि मुंडकी उडाली. म्हणजे 'तोवर गुणी राजा होता' हाही दावा बाद.

1504 च्या मोठ्या संहाराची ठिणगी कुठे पडली ते बघण्यासारखं आहे. आदल्या वर्षी मेजवानीत त्याच ई से-जाच्या हातून राजाच्या अंगरख्यावर दारू सांडली होती. मग 1504 च्या तिसऱ्या महिन्यात होंग ग्वी-दाल नावाच्या वयस्क अधिकाऱ्याची नात राजवाड्यात हजर करायचा हुकूम आला. आजोबांनी कळवलं की मुलगी आजारी आहे, आत्ता येऊ शकत नाही. राजाने याला उद्धटपणा ठरवलं. माझ्या वडिलांच्या वेळेपासून तुम्ही लोक राजाला जुमानत नाही, हा त्याचा रोख होता. आईचं प्रकरण या रागाला आयतं मिळालं. तिला घालवण्यात, मारण्यात ज्याचा ज्याचा हात लागला होता, अशांची यादी निघाली. दोनशेहून जास्त माणसं त्यात सापडली. ई से-जाला आत्महत्येचा हुकूम झाला. मेलेल्यांनाही सोडलं नाही, कबरी उकरून प्रेतांची डोकी उडवली. यात मातृशोक किती आणि मंत्र्यांचं कंबरडं मोडायची सोय किती, हे ज्याने त्याने ठरवावं. मला दुसरं पारडं जड वाटतं.

"आजीला त्याने टक्कर मारून मारलं"

आजी म्हणजे इन्सू, सोंगजोंगची आई. बाई साधीसुधी नव्हती. विसाव्या वर्षी विधवा झाली, मुलाला गादीवर बसलेलं बघितलं, आणि 1475 मध्ये बायकांनी कसं वागावं यावर 'नेहुन' हा ग्रंथ संकलित केला. कोरियन स्त्रीच्या नावावरचं हे पहिलं पुस्तक मानतात. तिची एक आत्या चीनच्या मिंग सम्राटाच्या जनानखान्यात पाठवली गेली होती. 1424 मध्ये तो सम्राट वारला तेव्हा तिथल्या रिवाजाप्रमाणे त्या आत्यालाही गळफास देऊन त्याच्यामागोमाग धाडलं. अशा घरातली मुलगी आज्ञाधारकपणाचं पुस्तक लिहिते, याला मी नुसता खाष्टपणा म्हणणार नाही. राजघराण्यात बाई कशी जिवंत राहते ते तिला चांगलं ठाऊक होतं. सुनेच्या बाबतीत ती निष्ठुर वागली, हेही खरंच.

टक्कर मारल्याची गोष्ट पुन्हा नंतरची. रोजनिशीत त्या रात्रीचं, 1504 च्या तिसऱ्या महिन्याच्या विसाव्या तिथीचं, जे वर्णन आहे ते त्या आख्यायिकेपेक्षा भयंकर आहे.

राजाने जॉंग आणि ऑम या दोघींना अंगणात बांधून स्वतः मारलं, तुडवलं. मग जॉंगच्या दोन मुलांना बोलावलं. हे दोघं राजाचेच सावत्र भाऊ. अंधार होता. समोरच्या बायकांना मारा, असं फर्मान सुटलं. एकाला कोण आहे ते कळलं नाही, त्याने मारलं. दुसऱ्याने आईला ओळखलं, त्याचा हात उचलेना. मग राजाने दुसऱ्यांकरवी दोघींना ठार करवलं. पुढे त्यांच्या प्रेतांचे तुकडे करून, मीठ लावून रानोमाळ फेकून दिले.

तिथून तो नंगी तलवार घेऊन सावत्र आईच्या, राजमाता जॉंगह्यॉनच्या महालाबाहेर उभा राहिला. 'खाली अंगणात ये' म्हणून ओरडत राहिला. दासी वाट फुटेल तिकडे पळाल्या. राजमाता बाहेर आली नाही. तेवढ्यात राजाची स्वतःची बायको, राणी शिन, धावत मागोमाग आली आणि तिने त्याला कसंबसं आवरलं. मग त्या दोन भावांचे केस धरून राजा आजीच्या शयनगृहात घुसला. 'हा तुमच्या लाडक्या नातवाकडून पेला, घ्या, चाखून बघा.' म्हातारीने घेतला. 'मग लाडक्या नातवाला काही बक्षीस नाही?' तिला काही सुचेना, हाताला लागले ते कापडाचे दोन तागे तिने आणून दिले. त्यावर त्याने विचारलं, माझ्या आईला का मारलंत?

कापडाचे ते दोन तागे कुठल्याही मालिकेत मी पाहिले नाहीत. टक्कर मात्र प्रत्येकात असते.

आजी त्यानंतर महिन्याभराने, चौथ्या महिन्याच्या सत्ताविसाव्या तिथीला गेली. वय सत्तरीकडे झुकलेलं. त्या रात्रीचा धक्का कारण झाला असेल; पण तिला त्याने हाताने मारलं असतं तर सोंग ही-आनच्या देखरेखीखाली लिहिणाऱ्यांनी ते झाकून ठेवलं नसतं. तिचं सुतक राजाने महिन्यांऐवजी दिवसांवर उरकलं हे त्यांनी आवर्जून लिहिलंय.

"नर्तकीने राज्य बुडवलं"

जांग नोक-सू. हिच्यावर मालिकावाल्यांची विशेष मर्जी. नोंदीनुसार ती राजघराण्यातल्या जेआन नावाच्या राजपुत्राच्या घरची दासी. बाप छोटा अधिकारी, पण आई हलक्या दर्जाची, म्हणून मुलगीही दासीच. गरिबीपायी शरीर विकून जगली, अनेकदा लग्नं झाली, त्याच घरच्या एका नोकराची बायको झाली, मुलगा झाला, आणि मग गाणं-नाच शिकली. ओठ न हलवता स्वच्छ सूर काढायची म्हणतात. तिशी उलटली होती, पण दिसायची सोळाची. रूपाने मात्र बेताचीच, असं नोंदकाराने मुद्दाम लिहून ठेवलंय. पडद्यावरच्या लावण्यवतींनी याची नोंद घ्यावी. राजाला ती लहान पोरासारखं चिडवायची, नोकरासारखी शिवी हासडायची, आणि तो कितीही रागावलेला असला तरी तिला पाहून हसायचा.

तिचं नाव दरबारच्या नोंदींत येतं 1502 च्या अखेरीस. पहिला संहार 1498 चा. ती यायच्या चार वर्षं आधीच राजा सुरू झाला होता, हे साधं गणित कुणी करत नाही.

ती निष्पाप होती असं मी म्हणत नाही. तिच्या नातलगांना पदं मिळाली, तिच्या शब्दावर बक्षिसं आणि शिक्षा ठरायच्या. 1505 मध्ये ओक्जी-ह्वा नावाच्या नर्तकीचा पाय नोक-सूच्या घागऱ्यावर पडला म्हणून तिचं डोकं उडवलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, नोक-सूचा मत्सर करतात या आरोपावरून राजवाड्यातल्या दोन स्त्रियांना हालहाल करून मारलं. पण हुकूम कुणाचा होता? करांचा बोजा तिने वाढवला नाही, शिकारीसाठी राजधानीभोवतीची गावं तिने उठवली नाहीत, बोलणाऱ्या अधिकाऱ्यांची तोंडं तिने बंद केली नाहीत. दासीच्या पोटी जन्मलेल्या बाईच्या हाती जे आलं ते एका माणसाच्या लहरीवर टिकणारं होतं, आणि तिने ते दोन्ही हातांनी ओरपलं. बाकी राज्य चालवायला राजा होता, आणि त्याची हांजी हांजी करणारे इम सा-होंगसारखे शिकलेसवरलेले मंत्रीही होते. आपल्याकडे नारायणरावाच्या खुनाची चर्चा निघाली की आधी आनंदीबाईचा 'ध चा मा' आठवतो, गारदी आणि राघोबा नंतर. तीच खोड.

1506 च्या नवव्या महिन्यात, उठावाच्याच दिवशी, शस्त्रागारासमोर नोक-सूचं डोकं मारलं. राजाच्या आणखी दोन उपपत्नींचंही. लोकांनी तिच्या प्रेतावर, आणि नेमकं गुप्तांगावर, दगड आणि फुटकी कौलं फेकली. देशाचं रक्त इथे आटलं म्हणत. दगडांचा ढीग झाला. त्या शस्त्रागाराचे अवशेष आज सोलच्या नगरभवनाच्या तळघरात बघायला मिळतात. राजावर कुणी दगड फेकला नाही. त्याला सुखरूप एका बेटावर नेऊन ठेवलं.

"हजारो नर्तकी ऐश करत होत्या"

आकडा फुगवलेला असेल-नसेल, त्यावर मी भांडत नाही. 'ऐश' या शब्दावर भांडतो. 1505 पासून राजाने अधिकारी प्रांतोप्रांती पाठवले, देखण्या मुली आणि चांगले घोडे जमा करायला. हो, दोन्ही एकाच फेरीत. कुमारिकाच काय, लग्न झालेल्याही उचलल्या. राजधानीच्या मध्यातला वॉनगाक्सा हा मोठा बौद्ध मठ रिकामा करून नर्तकींची संस्था तिथे हलवली. निवडक नर्तकींना 'हुंगचॉंग' म्हणत, आणि त्यांच्यातही दोन प्रती: राजाच्या शय्येवर गेलेली ती 'आकाश' प्रतीची, न गेलेली 'पृथ्वी' प्रतीची. भांडारातला माल लावावा तशी ही प्रतवारी. घागऱ्यावर पाय पडला तर काय होतं ते वर आलंच.

या बायका काय बोलत असतील? एक विलक्षण खूण उरली आहे. 1504 च्या सातव्या महिन्यात राणीच्या भावाच्या घरी कोरियन लिपीतली तीन निनावी पत्रं टाकली गेली. त्यात केगुम, दॉकगुम आणि गोओन्जी या वैद्यकी करणाऱ्या स्त्रिया, म्हणजे सरकारी दासीच, दारू पिता पिता काय बोलल्या ते लिहिलं होतं. एक म्हणते, जुन्या राजांनी बंडाळीच्या काळातही इतकी माणसं मारली नाहीत. हा कसला राजा, माशीचं मुंडकं तोडावं तशी मंत्र्यांची मुंडकी तोडतो. दुसरी म्हणते, असं असेल तर हे फार दिवस टिकायचं नाही. पत्र लिहिणाऱ्याचा हेतू त्यांना अडकवायचा होता. त्या खरंच असं बोलल्या की त्यांच्या तोंडी घातलं, कोण जाणे. पण सामान्य बाईच्या तोंडी हे वाक्य शोभेल असं लिहिणाऱ्याला वाटलं, हे महत्त्वाचं. त्यांची चौकशी झाली. राजधानीत ती लिपी येणाऱ्यांचे हस्ताक्षरांचे नमुने गोळा केले, लिपी शिकणं-शिकवणं बंद केलं. आणि पुढच्या वर्षी नर्तकींनी नवी गाणी पाठ करावीत म्हणून ती त्याच लिपीत छापून घेतली. हुकूमशहाला सोयीचं तेवढं चालतं.

"काकूची अब्रू घेतली म्हणून उठाव झाला"

काकू म्हणजे वॉल्सान राजपुत्राची विधवा, पाक घराण्यातली. योन्सानगुनच्या मुलाला, म्हणजे युवराजाला, काही काळ तिनेच सांभाळलं होतं. ती 1506 च्या सातव्या महिन्यात वारली, पन्नाशीच्या आसपास. रोजनिशीत तिच्या मृत्यूच्या नोंदीला जोडून येतं की, राजापासून दिवस गेले म्हणून तिने विष घेतलं, असं लोक म्हणतात. 'लोक म्हणतात', एवढंच. आणि ही नोंद ज्या काळात लिहून झाली तेव्हा उठावाचा पुढारी पाक वॉन-जोंग, म्हणजे तिचाच भाऊ, राज्यातला सर्वांत ताकदवान माणूस होता. बहिणीच्या अब्रूचा सूड हे कारण त्याला कुणापुढेही मिरवता येण्यासारखं. उठावाची जुळवाजुळव मात्र सोंग ही-आनने केली होती, ज्याला एका कवितेपायी राजाने पदावरून खाली आणलं होतं. घडलं नसेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण एका मेलेल्या बाईच्या नावावर ही कुजबुज पाचशे वर्षं खरी म्हणून सांगत राहणं बरं नव्हे.

"शेवटी सगळं सुरळीत झालं"

कुणासाठी?

उठावाच्या दिवशी पुढाऱ्यांना राजमातेचा शिक्का हवा होता, म्हणून ते जॉंगह्यॉनकडे गेले. गादी तिच्याच पोटच्या मुलाला देऊ करत होते. तिने आधी नकार दिला: माझं पोर हे ओझं कसं पेलणार, युवराज समजूतदार आहे, त्याला बसवा. ज्याने तिच्या दारात तलवार परजली त्याच्याच मुलासाठी तिने शब्द टाकला. तो ऐकला गेला नाही. तीन आठवड्यांनी त्या युवराजाला आणि त्याच्या भावांना विष देण्यात आलं. युवराज जेमतेम दहा वर्षांचा.

युवराजाची आई, राणी शिन, जिने त्या रात्री धावत जाऊन सासूला वाचवलं, तिचे हयात असलेले दोन्ही मुलगे असे गेले. नोंदकारांना तिच्याविरुद्ध एक वाईट शब्द लिहिता आला नाही, उलट ती शांत, समजूतदार होती असंच लिहिलंय. चांगुलपणाचा तिला काही उपयोग झाला नाही. नवरा दोन महिन्यांत बेटावर आजाराने मेला. मरताना बाकी काही बोलला नाही, फक्त शिनला बघायचंय म्हणाला. 1512 मध्ये तिने अर्ज केला की त्याची कबर बेटावरून राजधानीजवळ आणू द्या. आणली. ती 1537 पर्यंत जगली. तिची कबर त्याच्याशेजारी आहे, सोलच्या बांगहाक-दोंग भागात.

नर्तकींचं काय झालं? पाक वॉन-जोंग 1510 मध्ये वारला तेव्हाची नोंद सांगते की राजवाड्यातून बाहेर पडलेल्या नामांकित नर्तकी त्याने बऱ्याच संख्येने ताब्यात घेतल्या, दासी केल्या आणि वेगळा वाडा बांधून त्यात ठेवल्या. गोष्टीत बहिणीच्या अब्रूसाठी उठाव करणारा भाऊ तो हाच.

आणि ती दुसरी शिन. नव्या राजाची बायको, राणी शिनची भाची. तिचा बाप शिन सू-गुन उठावात सामील झाला नाही म्हणून त्याच दिवशी मारला गेला. ती राणी झाली आणि सातव्या दिवशी तिला हाकललं. तिच्यावर विषाचा आरोप नव्हता, मत्सराचा नव्हता, राजाचं तिच्याशी भांडणही नव्हतं. तिच्या बापाला मारणाऱ्यांनी हिशेब केला: ही राणी राहिली, उद्या हिला मुलगा झाला, तो गादीवर बसला, तर आपली धडगत नाही. 1482 चाच हिशेब, फक्त या वेळी विषाची गरज पडली नाही. 1515 मध्ये दोन अधिकाऱ्यांनी तिला परत आणा असं लिहिलं, तर त्यांनाच हद्दपार केलं. ती 1557 मध्ये वारली. राणीपद तिला परत मिळालं 1739 मध्ये.